धापेचं मूळ पाठीत

सातारा जिल्ह्यातल्या ज्या रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची चाचणीही आमच्याच विभागात होते. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि "भरून श्वास घ्या, आता फुंका, फुंका, अजून फुंका!" तरण्याताठ्यांनाही घाम फुटतो, मग सत्तरी उलटलेल्या माणसाचं काय सांगावं?

त्या सकाळी आलेल्या आजींच्या कागदावर "दमा, औषधांनी आराम नाही" असं लिहिलेलं होतं. पंप तीन वर्षं चालू होता. शिवाय गावाकडच्या एका डॉक्टरांनी दिलेल्या पुडीतल्या पांढऱ्या गोळ्या, "धाप वाढली की घ्यायच्या".

चाचणी सुरू करण्याआधी यंत्रात वय, लिंग आणि उंची भरावी लागते. त्यावरून या बाईच्या फुप्फुसात किती हवा मावायला हवी, ते यंत्र ठरवतं. उंची भरली १४१ सेंटीमीटर. आजींनी जीव तोडून फुंकलं. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण भरलेल्या श्वासातून जोराने बाहेर टाकलेली हवा, अपेक्षेच्या ८२ टक्के आली. ८० च्या वर म्हणजे ठीक. श्वासनलिका आकसल्याची खूण नाही, पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं तरी आकडे जागचे हलेनात. दम्यात अधल्यामधल्या काळात चाचणी चांगली येऊ शकते, म्हणून एवढ्यावरून दमा नाहीच असं म्हणता येत नाही. पण समोर बसलेल्या बाईला खुर्चीतून उठताना धाप लागत होती.

त्या उठल्या आणि नऊवारीचा घोळ पायात आला. तो वर खोसत म्हणाल्या, "ह्ये बी आता लांब व्हाया लागलंय बघ पोरी. पयल्यासारखंच नेसती, तरी पायात येतंय."

लुगडं कशाला लांब होईल? आजीच आखूड झाल्या होत्या.

त्यांना भिंतीला टेकून उभं केलं. टाचा टेकल्या, पाठीचा बाक टेकला, डोकं मात्र टेकेना. मागे माझी चार बोटं आडवी सहज जात होती. मग कुशीत बोटं घातली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांत दोन बोटं तरी मावायला हवीत, इथे एकही मावेना. "आजी, जेवण कसं जातं?" "अर्ध्या भाकरीत प्वाट भरतंय. वर घशाशी आल्यागत व्हतंय."

श्वास घेताना बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात आणि छाती-पोटामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो. पाठ पुढे झुकली की बरगड्या एकमेकींवर दाटतात, पोट वर ढकललं जातं आणि पडद्याला खाली जायला जागाच राहत नाही. फुप्फुस धड असूनही भरत नाही.

मग मी टेप काढली. दोन्ही हात आडवे पसरायला लावून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मापलं: १५२ सेंटीमीटर. मणके दबले तरी हातांची हाडं आखूड होत नाहीत, म्हणून बाक असलेल्या माणसाची खरी उंची अशी अंदाजावी, असं स्पायरोमेट्रीचे नियमच सांगतात. १५२ भरल्यावर तीच हवा, तोच श्वास, पण ८२ चे झाले ७०. खचलेली उंची भरून आपणच अपेक्षा कमी करून घेतली होती, आणि तूट त्याखाली दडली होती.

छातीच्या डॉक्टरांना तसंच जाऊन सांगितलं. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये छातीचे दोन मणके पुढून पाचरीसारखे चेपलेले दिसले. "कधी पडलात का?" तर नाही. "दोन वर्सामागं घमेलं उचलताना कळ आल्ती, बाम लावला." ठिसूळ हाडाला एवढं पुरतं. छातीच्या प्रत्येक दबलेल्या मणक्यामागे एफव्हीसी साधारण ९ टक्क्यांनी घटते, असं १९९० च्या एका अभ्यासात आढळलं होतं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो पुडीचा. गोळ्या स्टेरॉइडच्या निघाल्या, आणि त्या महिनोन्‌महिने पोटात गेल्या तर हाडंच पोखरतात. धापेवरचं औषध धापेचं कारण वाढवत होतं. एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवत आणली. हाडांचं औषध सुरू झालं.

माझ्याकडे आलं पाठीचं काम. मुलगा म्हणाला, "मॅडम, मी आईकडून टीव्हीवर बघून पायाचे अंगठे धरायचा व्यायाम करून घेतो." तो तिथल्या तिथे बंद करायला लावला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या १९८४ च्या अभ्यासात हाडं ठिसूळ झालेल्या ज्या बायकांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यातल्या ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पाठ मागे ताणणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के होतं. आजींना शिकवलं ते असं: खुर्चीत बसून खांद्याची पाती मागे आवळायची, भिंतीशी उभं राहून डोकं मागे न्यायचं, आणि बरगड्यांवर हात ठेवून श्वास बाजूंनी भरायचा. जेवण थोडं थोडं, चार वेळा.

काही महिन्यांनी पुन्हा चाचणी केली तर एफव्हीसी फारशी वाढलेली नव्हती. चेपलेला मणका पूर्ववत होत नाही. पण आजी ओट्यावरून देवळापर्यंत न थांबता जात होत्या, भाकरी पुरी खात होत्या. भांगलणीला जाऊ का, असं विचारलं, तेव्हा मी ठाम नाही म्हणाले. आमचं त्यावरून अजून वाजतं.

आता आमच्या खोलीत भिंतीवर आडवी टेप कायमची चिकटवली आहे. म्हातारं माणूस आलं की आधी डोकं भिंतीला टेकतं का ते बघायचं, टेकत नसेल तर हात पसरायला लावायचे, आणि मगच यंत्राला उंची सांगायची.