‘मासुंदा’चा उकार

अभ्यासक्रमातील पानांच्या मांडणीच्या विषयासाठी यंदा मी ठाण्यातील तलावांवर २४ पानांचा अंक तयार केला. मासुंदा, उपवन आणि कचराळी या तलावांवरील लेख व मी स्वतः काढलेली छायाचित्रे त्यात होती. संगणकाच्या पडद्यावर पाने इतकी देखणी दिसत होती की, छापील प्रत हाती येईपर्यंत कसलीच शंका मनाला शिवली नाही.

हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी मुखपृष्ठावरून नजर फिरवली, पाचवे पान उघडले आणि पेन्सिलीने एक लहानसे वर्तुळ काढले. वरच्या ओळीतील ‘मासुंदा’चा उकार खालच्या ओळीतील ‘कौपिनेश्वर’च्या मात्रांना जाऊन टेकला होता. ‘‘इथे वाचणारा अडखळतो, आणि आपण का अडखळलो हे त्याला कळतही नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

अक्षर १० पॉइंटचे (पॉइंट हे छपाईतील मोजमापाचे एकक) आणि ओळींचे अंतर १२ पॉइंट, हे इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरने आपोआप दिलेले प्रमाण मी तसेच ठेवले होते. रोमन लिपीला ते सहसा पुरते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराखाली उकार असल्यामुळे प्रत्येक ओळ तीन मजली असते, हे जन्मभर मराठी वाचूनही माझ्या लक्षात आले नव्हते. मग मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, म्हणजे १८९३ सालापासून चालत आलेल्या आपल्या वाचनालयात, जुने दिवाळी अंक काढून बसले आणि पट्टी लावून त्यांतील ओळींचे अंतर मोजले. त्यानंतर बरेच नमुने छापून पाहिले आणि १६ पॉइंटवर थांबले.

त्याची किंमत मोठी होती. पानावरील मजकुराचा माझा स्तंभ ६७२ पॉइंट उंचीचा. त्यात ५६ ओळी बसत होत्या, तिथे आता ४२ बसू लागल्या. पाने वाढवावीत, तर मधोमध पिन मारायच्या अंकात ती चारच्या पटीतच वाढतात. म्हणून उपवनाचा लेख लिहिणारी मैत्रीण आणि मी दोन संध्याकाळी शेजारी बसून एकेक वाक्य कमी करत गेलो. मांडणी करणाऱ्याने मजकूर शेवटच्या शब्दापर्यंत वाचलेला असला पाहिजे, हे मला त्या दोन संध्याकाळींत पटले.

शीर्षकातही एक चूक होती. ‘ठाण्याची तळी’ ही अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून मी त्यांच्यातील अंतर वाढवले होते आणि त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे झाले होते. ते अंतर पूर्ववत केले, अक्षराचा आकार वाढवला आणि भोवती मोकळी जागा सोडली.

छायाचित्रांखालच्या ओळी अजून मनासारख्या झालेल्या नाहीत. ८ पॉइंटवर ‘कचराळी’ स्वच्छ वाचता येते, पण ‘सिद्धेश्वर’मधील ‘द्धे’ शाईने भरून येतो. पुढच्या प्रतीसाठी मी तिथे थोडा हलका फॉन्ट लावून पाहणार आहे.