कार्मेल ते कर्क क्रीक : बिग सरच्या कड्यावरून सायकलने एक दिवस

कॅलिफोर्नियात बिग सरच्या डोंगराळ किनाऱ्यावरून जाणाऱ्या हायवे वनवर सायकल न्यायची ती उत्तरेकडून दक्षिणेकडेच. पॅसिफिकवरचा उच्चदाब आणि आतल्या तापलेल्या खोऱ्यांतला कमी दाब यांमुळे उन्हाळ्यात इथे वारा वायव्येकडून वाहतो. सकाळी तो मंद असतो, दुपारी दोननंतर चांगलाच जोर धरतो. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी मिळतो. शिवाय इथली वाहतूक उजव्या बाजूने चालत असल्यामुळे समुद्र आपल्याच हाताला राहतो आणि प्रत्येक थांब्यावर रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट दिशेने येणारे सायकलस्वार दिवसभरात दोन-तीनच दिसले. तिघेही मान खाली घालून पेडल मारत होते.

आम्ही सप्टेंबरमध्ये सकाळी साडेसहाला कार्मेल सोडलं. मुक्काम कर्क क्रीकच्या कॅम्पवर, अंतर साधारण 87 किलोमीटर. आकडा छोटा वाटतो, पण ओझं लादलेल्या सायकलवर हा पूर्ण दिवसाचा मामला आहे, कारण सपाट रस्ता असा जवळजवळ नाहीच. ज्यांना हे जास्त वाटेल त्यांनी 42 किलोमीटरवरच्या फायफर बिग सर स्टेट पार्कमध्ये मुक्काम करावा. तिथे पायी आणि सायकलवर येणाऱ्यांसाठी वेगळी जागा असते.

निघण्याच्या आदल्या रात्री एक काम चुकवू नका. रस्ता उघडा आहे का, ते कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याच्या, नकाशावर बघा. हा डोंगर ठिसूळ आहे आणि पावसाळी हिवाळ्यात कडेच्या कडे खाली येतात. 2017 मध्ये फायफर कॅन्यनचा पूल खचल्यामुळे पाडावा लागला आणि त्याच वर्षी मे महिन्यात मड क्रीकची दरड कोसळली, तिथला रस्ता थेट 2018 च्या जुलैमध्ये उघडला. पर्यायी वाट शोधायला जाल तर सांता लुसिया डोंगर आडवा येतो. तो ओलांडून या पट्ट्यात उतरणारा डांबरी रस्ता एकच, नासिमिएंटो-फर्ग्युसन, आणि तो कर्क क्रीकपाशी येऊन मिळतो. म्हणजे मध्ये अडकलात तर आल्या वाटेने परत. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

सामान सायकलीवर सुमारे 18 किलो. जड वस्तू मागच्या पॅनियरमध्ये (कॅरिअरला टांगायच्या पिशव्या) तळाशी आणि हॅण्डलच्या पिशवीत फक्त कॅमेरा, खाऊ, जाकीट. ही पिशवी भरून फुगवली की ती वाऱ्यात शिडासारखी वागते आणि हॅण्डल हातातून ओढून नेते. टायर 35 मिलिमीटर रुंदीचे, हवेचा दाब मागे 60 पीएसआय, पुढे 50. सर्वांत हलका गिअर पुढे 26 दात, मागे 34. एका पेडल-फेरीत सायकल साधारण 1.64 मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. चालण्याहून जरा जास्त, पण गुडघे शाबूत राहतात. रोड बाईकचा 34-28 गिअर घेऊन सामानासह इथे आलेले लोक दुपारनंतर सायकल ढकलताना दिसतात.

पहिले वीस किलोमीटर धुक्यात गेले. पॉइंट लोबोस, मग गारापाटाचे खडक, लाटांचा आवाज खूप आणि दिसणं थोडं. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. कडेला रुंद पट्टा नाही, बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या रेषेच्या पलीकडे वीतभर डांबर आणि लगेच खडी. मागे पाच किंवा जास्त गाड्या अडकल्या तर सुरक्षित जागी बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची, असा इथला कायदाच आहे आणि तो सायकलींनाही लागू आहे. भाड्याच्या मोटरहोम्सपासून (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) जपा : चालवणारे नवखे असतात आणि गाडीचा आरसा बॉडीच्या बराच बाहेर आलेला असतो.

रॉकी क्रीकचा पूल ओलांडला की पुढे बिक्सबी. दोन्ही पूल 1932 मध्ये पूर्ण झाले, अख्खा रस्ता खुला व्हायला मात्र 1937 उजाडलं. बिक्सबीची काँक्रीटची कमान दरीच्या तळापासून 80 मीटरहून उंच आहे. फोटो काढायचा तर पुलाच्या अलीकडे, उत्तरेच्या टोकाला. पुलावर थांबू नका, तिथे कठडा आणि गाड्या यांच्यामध्ये सायकलपुरतीच जागा आहे.

पूल संपतो तिथून हरिकेन पॉइंटचा चढ सुरू होतो. दीड किलोमीटरच्या आसपास लांबी, सुमारे 85 मीटरची चढाई. चढ मोठा नाही, खरी परीक्षा वाऱ्याची. दक्षिणेला तोंड असताना वायव्येचा वारा उजव्या खांद्यामागून येतो आणि सायकलीला डावीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला ढकलतो. तुम्ही नकळत उजवीकडे कलून चालवू लागता. मग समुद्राकडच्या बाजूला डोंगर कापलेली खिंड आली की वारा एकदम तुटतो आणि तो कल तुम्हाला थेट कडेच्या खडीत नेतो. खिंड संपली की पुन्हा धक्का. उपाय एकच : कडेपासून मीटरभर आत राहा, हात हॅण्डलच्या खालच्या पकडीवर, कोपर सैल, आणि खिंड दिसताच वेग कमी करा. म्हणूनच हा टप्पा सकाळी दहाच्या आत पार करायचा. वारा पाठचा आहे म्हणून दुपारवर ढकलला तर हाच टप्पा धोक्याचा होतो.

माथ्यावरून लिटल सर नदीपर्यंत तीन किलोमीटरचा उतार. ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम किंवा डिस्क तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, मग पूर्ण सोडा. धुक्याने रिम ओली असेल तर पहिल्या दाबात फक्त पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते. उताराच्या तळाशी थांबून प्रत्येक वेळी कॅरिअरचे बोल्ट बघावेत, हा माझा आग्रह आहे. चेनच्या बाजूचा खालचा बोल्ट सर्वांत आधी सैल होतो, कारण ओझ्याचा हेलकावा तिथेच येतो. आम्ही घरी असतानाच प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर नेलपॉलिशची लाल रेघ ओढली होती. लिटल सरला बघितलं तर त्या बोल्टवरची रेघ तुटलेली, अर्ध्या फेरीइतकी सरकलेली. चार मिलिमीटरची ॲलन की, पंधरा सेकंद. हे न दिसतं तर पॅनियरचा हूक स्पोकमध्ये गेला असता. जादा एम-5 बोल्ट दोन-तीन ठेवा, पण लांबी तीच हवी. लांब बोल्ट आतून सर्वांत लहान गिअरच्या चेनला घासतो. चेनकडचा स्पोक तुटला तर कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) काढल्याशिवाय नवा बसत नाही, म्हणून दोरीचा तात्पुरता स्पोक जवळ असलेला बरा.

पॉइंट सरचा दीपस्तंभ उजवीकडे एकट्या काळ्या खडकावर उभा दिसतो, 1889 पासून. इथल्या मोकळ्या कुरणातून वारा खरोखर पाठीवर घेतो आणि पाच-सहा किलोमीटर पायांना फुकट मिळतात. मग रस्ता समुद्र सोडून रेडवूडच्या झाडीत शिरतो. इथे पोटभर जेवून घ्या.

पाण्याचा हिशेब इथेच करायचा. कर्क क्रीकच्या कॅम्पवर पिण्याचं पाणी नाही. रात्रीचा स्वयंपाक, सकाळचा चहा आणि उरलेली वाट धरून माणशी पाच लिटर लागतं. म्हणजे दिवसातला सर्वांत मोठा चढ पाच किलो जादा घेऊन चढायचा, कारण फायफर पार्क सुटताच रस्ता जवळपास 300 मीटर उंचीवर जातो. सर्वांत हलका गिअर चढाच्या आधीच टाका, ताण आल्यावर टाकलात तर चेन अडकते किंवा पडते.

पुढचे चाळीस किलोमीटर मी शब्दांत पकडू शकत नाही. मॅकवेचा धबधबा 24 मीटरवरून थेट वाळूवर पडतो. पॅनियरवर कोपर टेकून कठड्यापाशी उभे असताना कॅलिफोर्निया काँडोर हा गिधाडासारखा पक्षी डोक्यावरून इतका जवळून गेला की पंखावरचा नंबराचा बिल्ला वाचता आला. पसरलेले पंख तीन मीटरच्या घरात. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इथे हे पक्षी पुन्हा सोडले गेले.

लुसियाच्या पुढे पिटकिन्स कर्व्हचा पूल आणि त्याला लागून दगड झेलणारा काँक्रीटचा बोगदावजा मांडव लागतो. आत शिरताना उजेडातून अंधार होतो आणि मागच्या चालकाला तुम्ही क्षणभर दिसत नाही. गॉगल कपाळावर, दिवा चालू.

साडेपाचला कर्क क्रीक. तंबू कड्याच्या टोकाशी लावू नका, रात्री वारा कड्याखालून वर येतो. झुडपांकडे पाठ टेकून, दार आग्नेयेला. तीन-तीन पानांची चकचकीत वेल किंवा झुडूप दिसलं तर हात लावू नका. ते पॉयझन ओक, अंगावर पुरळ उठतं. खाणं पॅनियरमध्ये सोडलं तर रकून झिप फाडतात, लोखंडी पेटीत ठेवा. आणि झोपण्याआधी चेन कोरड्या फडक्याने पुसून ओलं वंगण प्रत्येक दुव्यावर एकेक थेंब घाला. खारं धुकं रात्रभर बसतं, सकाळी न पुसलेल्या चेनवर तांबूस थर आलेला दिसतो.