तुम्ही विचारलंत म्हणून: बॉस्टनचं ते 'बसिंग' म्हणजे नक्की काय झालं होतं?

मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत हा प्रश्न मला दरवर्षी येतोच. मी बॉस्टन शहरातच, डॉर्चेस्टर भागात राहते म्हटलं की आधी "तिकडे? मग शाळांचं काय?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "ते बसिंग का काय ते तिकडेच झालं ना हो, नक्की काय होतं ते?" हातात ताट घेऊन उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाहीये ते, म्हणून दरवेळी राहून जातं. आता लिहितेच.

दक्षिणेतल्या राज्यांसारखा 'ब्लॅक मुलांची शाळा वेगळी' असा कायदा बॉस्टनमध्ये नव्हता. पण इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल कमिटीने शाळांच्या हद्दी अशा आखल्या, नव्या शाळा अशा जागी बांधल्या आणि कुठल्या शाळेतून पुढे कुठल्या हायस्कूलला जायचं ते असं ठरवलं की ब्लॅक मुलं एकीकडे आणि गोरी एकीकडे. ब्लॅक पालक वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगत होते, १९६३ मध्ये निषेध म्हणून एक दिवस हजारो मुलं शाळेत गेली नाहीत, तरी कमिटी मान्यच करेना. शेवटी १९७२ ला पालक कोर्टात गेले. २१ जून १९७४ ला जज गॅरिटींनी निकाल दिला की हे कमिटीने जाणूनबुजून केलेलं आहे, मुलं बसने इकडची तिकडे पाठवून शाळा मिसळायचा आदेश झाला, आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला बसेस सुटल्या. पहिल्या वर्षी साधारण १८,००० मुलं. रॉक्सबरी या ब्लॅक वस्तीतली मुलं साउथ बॉस्टनला, म्हणजे साउथी या गोऱ्या वस्तीला, आणि साउथीची गोरी मुलं रॉक्सबरीला. ही दुसरी बहुतेक आलीच नाहीत. आणि साउथीत ब्लॅक मुलांच्या बसेसवर गोऱ्या जमावाने दगड मारले.

मला तो 'बसिंग' शब्दच खटकतो. बसने मुलं त्याआधीही जायची की! गोरी मुलंसुद्धा जायची, जवळची ब्लॅक मुलांची शाळा ओलांडून लांबच्या गोऱ्या शाळेत, तेव्हा नाही कोणी दगड उचलला. भांडण बसचं नव्हतंच कधी.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू (मी त्यांना काकूच म्हणते, त्यांनाही तो शब्द आता आवडतो) ब्लॅक आहेत, तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या आणि त्या बसने साउथीला जायच्या. मी त्यांना एकदा सहज विचारलं, दगडांची भीती वाटायची का, तर म्हणाल्या दगड दिसायचेच नाहीत, आम्ही सगळे खाली वाकलेलो असायचो, फक्त आवाज यायचा. आणि मग घरी आल्यावर त्यांची आई स्वयंपाकघरात जमिनीवर पेपर अंथरून त्यांना खाली बसवायची आणि मोठ्या दातांच्या फणीने केसांतून काचा काढायची, दाट कुरळे केस, त्यात बारीक चुरा अडकलेला, एकेक तुकडा पेपरवर पडला की टप् आवाज यायचा. आई काही बोलायची नाही. काढून झालं की पेपरची घडी घालायची, कचऱ्यात टाकायची आणि डब्याचं विचारायची. हे सांगताना काकूंचा हात आपोआप मानेमागे गेला, तो मला अजून दिसतो.

त्याच गल्लीत साउथीचे एक आजोबा राहायचे, आयरिश, मागच्या वर्षी गेले. ते १९७४ ला शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. आईने पाठवलं नाही, वर्षभर घरी, मग कामाला लागले आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्यांची आई इतर बायकांबरोबर हातात जपमाळ घेऊन मोर्चात चालायची. फुटपाथवरच्या गर्दीत आपणही ओरडत होतो हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, काय ओरडत होतो ते मात्र सांगितलं नाही. त्यांचं नुकसान झालं हे खरंच आहे, पण लोक म्हणतात ना 'दोन्ही बाजूंनी सोसलं', ते मला पटत नाही. एकीच्या केसांत काचा होत्या आणि दुसरा काचा फोडणाऱ्या गर्दीत उभा होता, ते सारखं कसं होईल?

पण काकूंनी सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. म्हणाल्या, एवढं सोसून आत पोचलो तर तिथेही काहीच नव्हतं गं. तशीच जुनी इमारत, तशीच फाटकी पुस्तकं, ती मुलंही गरिबाघरचीच.

आणि इथे आपला संबंध येतो, म्हणून हे तुम्हाला सांगतेय. गॅरिटींच्या निकालानंतर महिन्याभरात, जुलै १९७४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइट शहराच्या अशाच शाळांच्या केसमध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की उपनगरांनीही भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना असल्या योजनेत ओढता येणार नाही. म्हणजे बॉस्टनमध्ये गरिबांची मुलं गरिबांच्याच शाळांत अदलाबदल झाली आणि पैसेवाली गावं बाजूला राहिली. आपण मराठी लोक नंतर इथे आलो आणि 'स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे' म्हणून नेमकं त्याच गावांत घरं घेतली. यात कोणाला दोष देत नाहीये, मीही तिथे घरं बघितली होती. पण "तिकडे शाळांचं काय?" याचं उत्तर थोडं तुमच्याही गावात आहे एवढंच.

तुमच्या मुलांच्या वर्गात मेटकोची मुलं असतील. ब्लॅक पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी झटून १९६६ मध्ये २२० मुलांवर सुरू केलेली ही योजना, शहरातली मुलं बसने उपनगरांतल्या शाळांत जातात, अजून चालू आहे. काकूंची नात त्यातच आहे. सकाळी सहाला, थंडीत तर अजून मिट्ट काळोख असतो, ती कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी असते. शेजारी काकू, अंगात जाड कोट, पायात घरातल्याच चपला. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत त्या आत येत नाहीत, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघते.