आवाज कोणाचा?

नागपुरात धरमपेठेत आज आमच्या शॉर्टफिल्मचं डबिंग होतं. बापाची भूमिका करणारे काका झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामासाठी वडशाला. निर्माता म्हणाला, "त्यांचे चार डायलॉग एआयनं काढू, कोणाले कळते?"

कळो न कळो, मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या प्रकरणात परवानगीशिवाय एआयने आवाजाची नक्कल करायला अंतरिम मनाई केलीये. (त्याच कोर्टाचं खंडपीठ इथे सिव्हिल लाइन्सला आहे हो!) आता आमचे काका काही अरिजित नाहीत, कोर्टात जायला त्यांच्याकडे पैसाही नाही. मला तर तेच जास्त खटकलं.

बरं, एआय वापरूच नये असंही मी म्हणत नाही. मागचा कूलरचा घरघराट आम्ही त्यानेच काढला. ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज 'लाल सलाम'च्या गाण्यात एआयने आणले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन, मानधन देऊन.

शेवटी काकांनाच फोन लावला. म्हणाले, "मशीन बोलनार तं पैसे मशीनले देता का?"

सुट्टीच्या दिवशी येताहेत. एसटीचं भाडं निर्मात्याकडून.