आईंचा ‘हं’

रात्री साडेनऊपर्यंत आमच्याकडे भांडी घासून होतात, ओटा पुसून होतो, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर भिंतीला टेकून बसतात. पायांवर गोधडी. मी खाली सतरंजीवर, दिवा माझ्या उजव्या खांद्यामागे. पुस्तक उघडण्याआधी त्या विचारतात, “कुठवर आलो होतो गं?” कुठवर आलो होतो ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. माझ्या लक्षात आहे का, तेवढं बघायचं असतं. मी सांगते, त्या “हं” म्हणतात, मग वाचन सुरू.

या रिवाजाला आता तीन वर्षं होतील. त्याआधी मी एकटीने वाचणारी होते आणि तेच खरं वाचन असं मला वाटायचं. दार लोटून घ्यायचं, कुणी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायचं. आज मला कुणी विचारलं की तुझं दिवसातलं सगळ्यात आवडतं वाचन कोणतं, तर मी या साडेनऊच्या वाचनाचं नाव घेईन.

आई चौथी शिकलेल्या. सटाण्याकडचं माहेर, घरात अहिराणी, शाळेत मराठी. लग्नानंतर नाशिकला आल्या आणि इथे वाचायची सवय लागली. पेपर हातात घेतला की पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळा. पुस्तक मिळेल ते. २०२१ च्या डिसेंबरात आडगावला ९४वं साहित्य संमेलन भरलं, खरं तर मार्चमध्ये व्हायचं होतं ते, कोरोनामुळे पुढे गेलेलं, तेव्हा त्या काठी घेऊन ग्रंथप्रदर्शनातल्या ओळीच्या ओळी फिरल्या. पुस्तक उचलायचं, उघडायचं, टाइप डोळ्यांजवळ नेऊन बघायचा, बारीक असला की परत ठेवायचं. चार पुस्तकं घेतली. दोन वाचून संपवली. तिसरं वाचताना डोळ्यांनी साथ सोडली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालं होतं. हा आजार डोळ्याच्या पडद्याचा. यात कडेकडेचं दिसत राहतं आणि मधलं जातं. दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पानावर ओळी आहेत हे कळतं, पण ज्या अक्षराकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. घरात त्या कशालाही न अडखळता वावरतात, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, यांना काय झालंय? वाचणाऱ्या माणसाचं काय जातं ते वाचणाऱ्यालाच कळतं.

त्या तिसऱ्या पुस्तकात ८८व्या पानावर त्यांनी खूण म्हणून बसचं तिकीट घातलं होतं. मी म्हटलं, “आई, मी वाचून दाखवते, पहिल्यापासून सुरू करू या.”

“पहिल्यापासून कशाला? मला माहीत आहे ते. तुला माहीत नसेल तर तू तुझ्या वेळात वाचून घे.”

मी दोन दिवसांत ती सत्याऐंशी पानं वाचली आणि तिसऱ्या रात्री ८८व्या पानावर त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मधे मुलाने मोबाइलवर पुस्तकं ऐकवणारं एक ॲप घालून दिलं. चांगला आवाज होता, वाचणारा कसलेला होता. आईंनी चार दिवस ऐकलं आणि फोन मला परत दिला. “छान वाचतो तो. पण मी हं म्हटलं काय, नाही म्हटलं काय, त्याला काय त्याचं?”

तेव्हा मला त्या ‘हं’चं महत्त्व कळलं. त्यांच्या माहेरी श्रावणात पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकायला सगळी गल्ली. ओवी झाली की थांबायचं, कुणी अर्थ विचारला तर सांगायचा, कुणी मधेच आपल्या घरातली गोष्ट सांगायचं, मग पुढची ओवी. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतोच. हुंकार थांबला की समजायचं, ऐकणारं झोपलं. आईंचे ‘हं’ मला आता वेगवेगळे ओळखू येतात. आखूड ‘हं’ म्हणजे पुढे चल. लांबवलेला ‘हंऽऽ’ म्हणजे हे पटलेलं नाही, पण बघू या. आणि एक अगदी हळू, श्वासासारखा, जो आला की मी ते वाक्य न सांगता परत वाचते.

मोठ्याने वाचायला लागल्यावर मला मराठी नव्याने कळायला लागली, हे मी मनापासून सांगते. आपलं क्रियापद येतं शेवटी. डोळ्यांनी वाचताना ते आधीच दिसलेलं असतं, म्हणून काही वाटत नाही. तोंडाने वाचताना लांबलचक वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास सांभाळून न्यावा लागतो, आणि तो माणूस गेला, गेला नाही की जाणार होता हे कळेपर्यंत आई माझ्याकडे कान देऊन थांबलेल्या असतात. चांगल्या लेखकाचं लांब वाक्यसुद्धा श्वासात बसतं. कच्च्या लेखकाचं सहा शब्दांचंही अडतं. पूर्वी मला आवडलेली काही पुस्तकं या परीक्षेत टिकली नाहीत. ज्यांना मी साधी म्हणून बाजूला ठेवलं होतं त्यातली दोन-तीन मात्र अशी वाजली की मी थक्क झाले.

मग उच्चार. चहातला च वेगळा आणि चटणीतला च वेगळा, लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. बोलताना कधी अडत नाही, पण छापलेला अनोळखी शब्द आला की मी क्षणभर थबकते. आपल्याकडच्या गावांतल्या गोष्टीत अहिराणी संवाद आला तर विचारूच नका. मी शाळेतल्या बाईंसारखी वाचते आणि आई गोधडीतून हात बाहेर काढतात. “असं नाही गं. ‘काय करी ऱ्हायना’ असं म्हण. ‘ऱ्हा’वर जरा रेल.” मग आधी त्या म्हणणार, मागून मी, आणि ते पान संपायला पंधरा मिनिटं लागणार. हल्लीच्या काही पुस्तकांत संवादांना अवतरणचिन्हं नसतात. डोळ्यांना ते देखणं वाटतं, पण आईंचं सारखं, “हे कोण बोललं?” शेवटी मी प्रत्येकाला वेगळा आवाज द्यायला लागले.

एका बैठकीत पंधरा-सोळा पानं होतात. तीनशे पानांचं पुस्तक तीन आठवडे पुरतं. इतक्या सावकाश मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं.

माझं स्वतःचं वाचन बंद पडलेलं नाही. पहाटे पावणेसहाला चहा घेऊन मी बाल्कनीच्या दारात बसते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोटांना लागते, तेव्हा शाल डोक्यावरून घ्यायची आणि पान उलटायला एक हात तेवढा बाहेर. कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत चार पानं होतात. नंतर कंपनीची बस. इंदिरानगरहून मुंबई नाका, सीबीएस, त्र्यंबक रोड, सातपूर. जाताना खिडकीकडची जागा मिळाली तर वाचते, येताना दिवसभराच्या हिशेबांनी डोळे थकलेले असतात.

शनिवारी दुपारी मी पुस्तक बदलायला जाते. ‘पुस्तक बदलायला’ हा शब्द माझ्या बाबांचा, आणि त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांचाच. वाचनालयात कुणी जात नसे, सगळे पुस्तक बदलायला जात. आम्ही सराफ बाजारामागच्या एका वाड्यात राहायचो. शनिवारी संध्याकाळी बाबा पांढरा शर्ट घालून निघायचे, बरोबर मी, कापडी पिशवीत दोन पुस्तकं. मेन रोडवरून चालत टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात. नाशिककर त्याला सावाना म्हणतात. १८४० सालचं आहे ते. बाबा मला दारातच थांबवून दर वेळी सांगायचे, “ही संस्था सत्तावन्नच्या उठावाच्याही आधीची आहे, लक्षात ठेव.” मी लक्षात ठेवलं. पण त्याहून जास्त लक्षात राहिला तो तिथल्या कागदाचा वास. जुन्या कागदातला लाकडाचा अंश काळाबरोबर विरत जातो आणि त्यातून तो गोडसर वास येतो, हे मी खूप नंतर वाचलं.

आता पुस्तक निवडायची माझी रीत बदलली आहे. कपाटाशी उभी राहून पहिलं पान ओठांतल्या ओठांत वाचते. जीभ अडली नाही तर पुस्तक घरी येतं.

मोठ्याने वाचणं आमच्या वाड्यातही होतं, हे मला मधल्या काळात विसरायलाच झालं होतं. १० मार्च १९९९ ला कुसुमाग्रज गेले. ज्ञानपीठ मिळवलेला कवी, पण आमच्यासाठी ते टिळकवाडीत राहणारे तात्यासाहेब. त्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही लावू दिला नाही. चौकात कंदील नसताही कंदिलाच्या उजेडात बसल्यासारखी सगळी बिऱ्हाडं गोळा झाली आणि बाबा त्यांच्या कविता वाचत राहिले, नऊ वाजून गेले तरी. मधे आवाज गेला की पाणी प्यायचे आणि तीच ओळ परत घ्यायचे. मी एकोणीस वर्षांची होते.

बाबांची स्वतःची पुस्तकं थोडी होती. संपत्ती होती ती दिवाळी अंकांची. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा सुरू झाली, हे ते फराळाच्या ताटाबरोबर दरवर्षी सांगत. वाड्याच्या तळमजल्यावर दोन लोखंडी ट्रंका अंकांनी भरलेल्या होत्या, आत कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे. २ ऑगस्ट २०१६ ला गोदेला पूर आला. आम्ही नाशिककर पूर फुटात मोजत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो: गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. त्या दिवशी पाणी सराफ बाजारात शिरलं आणि ट्रंका बुडाल्या.

बाबा तोवर हयात नव्हते. मी आणि माझा भाऊ, दोघांनी अंक बाहेर काढले. पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालून पंख्याखाली वाळवले. उन्हात टाकायचे नसतात, कागद कडक होऊन तुटतो. तेव्हा एक गोष्ट समजली. साध्या, खरखरीत कागदावरच्या कथा डाग पडूनही वाचल्या, आणि गुळगुळीत कागदावरची रंगीत पानं एकमेकांना अशी चिकटली की सुटायलाच तयार नाहीत. निम्म्याहून अधिक अंक हाती लागले. ते आता माझ्या पलंगाखाली आहेत.

मागच्या पावसाळ्यात त्यातलाच एक अंक मी आईंना वाचून दाखवत होते. गोष्ट दोन जावांची. थोरली माहेरी निघून गेलेली, धाकटी तिला आणायला एसटीने निघालेली. धाकटी दारात पोचली आणि मी पान उलटलं, तर पुढची दोन पानं मधल्या रंगीत जाहिरातीला घट्ट चिकटलेली. नखाने सोडवायला गेले तर अक्षरंच सोलून यायला लागली. त्याच्या पुढच्या पानावर दोघी परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या.

“आई, मधलं गेलं.”

“जाऊ दे. मी सांगते काय झालं असेल.”

आणि त्यांनी सांगितलं. धाकटी दारात उभी राहिली, तेव्हा थोरली परातीत पीठ मळत होती. ती उठली नाही. धाकटीने पिशवी ठेवली, पदर खोचला, हात धुतले आणि तिच्यासमोर बसून गोळे करायला लागली. भाकरी होईपर्यंत दोघींपैकी कुणी बोललं नाही. जेवण झाल्यावर थोरली म्हणाली, गाडी किती वाजता आहे?

मी “हं” म्हटलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं होतं. आईंची धाकटी जाऊ कळवणला असते, वीस वर्षांपूर्वी त्या दोघींत काय झालं होतं हे मला अर्धवट माहीत आहे. विचारलं नाही. त्या लेखिकेने ती दोन पानं कशी लिहिली असतील ते मला कधी कळणार नाही, आणि तो अंक दुसरीकडे शोधावा असंही मला अजून वाटलेलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे पाटीवर एक-एकच्या आकड्यांनी सरस्वती काढतात आणि वाचत असलेलं पुस्तक तिच्यापुढे ठेवतात. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडायचं नाही, हा आईंचाच नियम. यंदा रात्री साडेनऊला त्या नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पलंगाखालचं काढ. ते कुठे पूजेत आहे?”

सध्या चालू असलेली कादंबरी परवा संपेल. चांगली आहे, पण लेखकाला निसर्गाची फार ओढ, दर प्रकरणाची सुरुवात ढगांपासून. मी मन लावून वाचते, कारण ती वर्णनं खरोखर सुंदर आहेत. आईंचा लांबलेला ‘हंऽऽ’ ऐकू येतो, तरी मी एकही ओळ गाळत नाही. काल पुस्तक मिटलं, दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा अंधार व्हायच्या आत त्या म्हणाल्या, “शनिवारी जाशील ना बदलायला? या खेपेला माणसं जास्त असलेलं आण. आभाळ कमी.”