एल्सन लगूनच्या काठी पिल्लांची मोजणी

ऑगस्टचा पहिला आठवडा. अलास्काच्या उत्तर टोकाला, ७१ अंश अक्षांशावर उट्कियाग्विक गाव आहे. २०१६ पर्यंत त्याचं नाव बॅरो होतं. मे महिन्यापासून न मावळलेला सूर्य तिथे नुकता कुठे मावळायला लागला होता. एल्सन लगून या समुद्राला लागून असलेल्या उथळ सरोवराच्या काठाने चालत किनारपक्षी मोजायचे, हे माझं काम.

उरणच्या आणि ऐरोलीच्या खाडीवर मी कितीतरी हिवाळे असे पक्षी पाहिलेत. पण तिथे ते राखाडी, साधे. इथे नुसती जात ओळखून भागत नव्हतं, वय सांगायचं होतं: मोठा पक्षी की यंदाचं पिल्लू? मोठ्यांमागे पिल्लं किती, यावरून त्या उन्हाळ्यात वीण कशी झाली याचा अंदाज येतो. पहिल्या दिवशी मला ते जमेना. गटप्रमुख म्हणाली, "चोच सोड, पाठ बघ." दुर्बिणीतून पाहिलं. मोठ्यांची पिसं झिजून विटलेली. पिल्लांची पाठ कोरी करकरीत, प्रत्येक पिसाला फिकट काठ, खवले मांडावेत तशी. जेमतेम २५ ग्रॅमचा सेमिपाल्मेटेड सँडपायपर, पण एकदा तो काठ दिसला की चुकायला जागा नाही. डनलिन या दुसऱ्या जातीच्या किनारपक्ष्यांतले मोठे उडताना ओळखू येत. जपान-कोरिया-चीनकडे निघण्याआधी ते इथेच पंखांची पिसं टाकतात, त्यामुळे पंखात खिंडार दिसतं.

एक किलोमीटरचा पट्टा. मी मोजायचे, एकजण पेन्सिलीने लिहायचा, तिसरा बंदूक घेऊन पांढऱ्या अस्वलावर लक्ष ठेवायचा. थवा मोठा असला की आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा आकार डोळ्यात बसवायचा आणि मग थव्यावर तो टाकत जायचं.

चौथ्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं. आमच्या चाहुलीने उडालेला थवा पुढे जाऊन बसला आणि मी तो पुन्हा मोजला. संध्याकाळी वेळा आणि आकडे जुळवताना ते लक्षात आलं. मला फार लागलं ते. तो सबंध किलोमीटर आम्ही रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी परत चाललो. त्यानंतर उडालेला प्रत्येक थवा पुढे गेला की मागे, हे लिहिल्याशिवाय मी पाऊल उचललं नाही.

सगळ्यात जीव अडकला तो रेड फॅलारोप या किनारपक्ष्यामध्ये. यांच्यात मादी जास्त रंगीत. अंडी घालून ती आधी निघते. उबवायचं, सांभाळायचं काम नराचं, मग तोही जातो. ऑगस्टमध्ये राहतात ती बहुतेक पिल्लंच. शेवटच्या दिवशी एक पिल्लू माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर फेसातून काहीतरी टिपत होतं. वय दोन महिन्यांच्याही आत. पुढचा सगळा हिवाळा भर समुद्रात काढायचा आणि वाट दाखवायला सोबत कुणी नाही.

"फॅलारोप, एक, पिल्लू," मी हळूच म्हणाले. लाट आली, ते तिच्यावर अलगद चढलं आणि पलीकडे उतरून पुन्हा टिपायला लागलं.