साधी सर्दी की न्यूमोनिया?

"डॉक्टर, छाती नुसती घरघर वाजतेय हो. कफ झालाय की न्यूमोनिया, घरी कसं ओळखायचं?" पावसाळा लागला की हा प्रश्न मला दवाखान्यात, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. बालरोगतज्ज्ञ म्हणून याचं उत्तर नीट, सावकाश द्यावं असं फार दिवस मनात होतं.

आधी घरघरीवरचं लक्ष काढा. ती बहुतेक वेळा नाकातल्या आणि घशातल्या शेंबडाची असते. तान्ह्या बाळाला खाकरता येत नाही, शिंकरता येत नाही, म्हणून ते वाजतं. उलट न्यूमोनिया झालेलं लेकरू कधी कधी मुळीच वाजत नाही. फुप्फुसाचा काही भाग सुजून भरला की तो ताठर होतो, एका श्वासात पुरेशी हवा आत येत नाही, आणि मग शरीर श्वासांची संख्या वाढवतं. म्हणून कानांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा.

लेकरू शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचं झबलं वर करा. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास मधेच मंदावतो, मधेच भरभर चालतो. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरायचा नाही. अंगात ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास लागत असतील, तर त्याच दिवशी दाखवायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि पुन्हा मोजूनही 60 भरले, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

एवढ्या मोठ्या आजाराचं निदान नुसतं मोजून कसं होईल, ही शंका मला अनेक शिकलेले पालक बोलून दाखवतात. 1980 च्या दशकात फ्रँक शॅन या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीत खोकणारी मुलं तपासून दाखवून दिलं, की श्वासाचा वेग आणि आत ओढली जाणारी छाती यांवरून न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच काम गावातल्या माणसांच्या हाती दिलं. आरोग्यदूत आणि दाया यांना श्वास मोजायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जिथे हे काम झालं त्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू 8.1 होते, शेजारच्या, काम न झालेल्या गावांत 17.5. अक्षरओळख नसलेल्या दायांनी हे करून दाखवलं आहे. तुमच्या हातात तर सेकंदकाटा असलेला मोबाइल आहे. मोजता येणार नाही असं मला कुणी सांगू नये.

आता छाती. श्वास आत घेताना सर्वसाधारणपणे छाती आणि पोट दोन्ही वर येतात. लेकरू श्वास घेतंय आणि त्याच वेळी बरगड्यांचा खालचा भाग आत खचतोय, तर ते गंभीर. आमच्याकडे याला 'पोट उडतंय' म्हणतात, आणि आजीला ते आईच्या आधी दिसतं. आजी म्हणाली तर निघा. दूध पिणं सोडलं, सगळं ओकून टाकतंय, झटके आले, हलवूनही डोळे उघडत नाही, कण्हतंय, ओठ निळे पडलेत, यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, गाडी काढा.

एक्स-रे प्रत्येकाला लागत नाही. जंतू जिवाणू आहे की विषाणू, हे तो नीट सांगू शकत नाही. मूल फार आजारी असेल किंवा औषधाने उतार पडत नसेल तेव्हा तो कामाचा. कोविडमध्ये घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर बाळाच्या चिमुकल्या बोटावर भलताच आकडा दाखवू शकतं.

साध्या न्यूमोनियाला अमॉक्सिसिलिन हे जुनं, स्वस्त औषध आजही पहिलं. ते वजनावरून ठरतं, म्हणून थोरल्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नका, आणि दोन दिवसांत खेळायला लागला म्हणून बंदही करू नका. श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजत असेल तर वाट वेगळी: तिथे श्वासनळ्या आकसलेल्या असतात, पंपाचं औषध देऊन पुन्हा मोजावं लागतं, आणि पुष्कळदा अँटिबायोटिक लागतच नाही. खेळता खेळता अचानक ठसका लागून शिट्टी सुरू झाली, तर शेंगदाणा अडकला असेल. हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

घरगुती उपायांवर माझा राग नाही. ओव्याच्या पुरचुंडीचा कोमट शेक द्या, सहा महिन्यांपुढच्या मुलाला कोमट पाणी पाजा. पण नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं आणि त्याचाच न्यूमोनिया होतो. कापूर तान्ह्याच्या जवळ आणू नका. पोटाला चटके देणं तर क्रूर आहे, आणि त्यात मोलाचे तास जातात. खोकल्याचं सिरप दुकानातून आणू नका. 2025 मध्ये छिंदवाड्याची जी मुलं दूषित सिरपने गेली, त्यातली काही उपचारांसाठी नागपूरला आणली होती.

लसही घ्या. न्यूमोकोकल लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने.

औषध सुरू केल्यावर दोन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा उतरायला हवा, नाही उतरला तर परत या. खोकला मात्र मागे रेंगाळतो, त्याने घाबरू नका. दोन आठवड्यांपुढे गेला, वजन भरत नसेल, किंवा घरात कुणी क्षयाचं औषध घेत असेल, तर ते लपवू नका. मग आपण त्या दिशेने तपासू.